बोट बंद व्हायच्या आत

कोकणातल्या मे महिन्यावर मराठीत इतके लिहिले गेले आहे की त्याचा आता एक साचाच झाला आहे. आजोळचे मोठे घर, माजघरात ओळीने घातलेल्या गोधड्या, आढीतल्या आंब्यांचा वास, मामे-मावस-चुलत भावंडांची पलटण आणि संध्याकाळी समुद्र. यातला प्रत्येक तपशील खरा आहे. पण हे लिहिणारे बहुतेक सगळे तेव्हा सात ते बारा वर्षांचे होते. त्या वयाला ताटातला आंबा दिसतो, आढी लावणारा हात दिसत नाही. ही सुट्टी मे महिन्यातच का, ती किती दिवसांची हे कोण ठरवी, तिचे धान्य कुठून येई आणि ती कशाच्या बदल्यात मिळे, हे प्रश्न बालपणीच्या आठवणींनी सुटत नाहीत. त्यासाठी बोटीचे दिवस, शिरगणती, कुळकायदा आणि हक्कसोडपत्रे यांच्याकडे जावे लागते. गेली काही वर्षे मी फावल्या वेळात हेच करतो आहे.

सुरुवात बोटीपासून करायला हवी. बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा खाड्यांनी जागोजागी तोडलेला आहे. किनाऱ्याने जमिनीवरून जायचे तर दर काही कोसांवर तरीत बसा, पलीकडे उतरा आणि पुन्हा चाला, असा प्रकार. पलीकडे सह्याद्रीची भिंत. त्यामुळे मुंबईशी या मुलखाचा खरा रस्ता समुद्र हाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर आगबोटी नियमित फिरू लागल्या. शेफर्ड कंपनीचे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले होते की पुढे कंपनीचे नाव बदलले तरी बोलण्यात ते राहिले. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही मोठी कंपनी. स्वदेशी चळवळीच्या भरात तिच्याविरुद्ध एक देशी कंपनी उभी राहिली. तिचे अधिकृत नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी, पण ते कोणी उच्चारीत नसे. लोकांनी तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. तिच्या बोटींना संतांची नावे होती. त्यांतल्या ‘तुकाराम’चा शेवट १९२७ च्या नोव्हेंबरात झाला आणि ‘रामदास’चा १७ जुलै १९४७ रोजी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, म्हणून की काय, या घटनेला आपल्या इतिहासात फार जागा मिळाली नाही. कोकणातल्या घरांत मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे बोटीत पाऊल ठेवताना म्हाताऱ्या माणसांचे हात जोडले जात, त्यामागे हेही होते.

मुंबईहून सकाळी निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. ‘लागे’ हा शब्द बहुतेक बंदरांना लागू नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही. पडाव तिच्या अंगाशी येऊन भिडे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी मुले झेलून घेत, मग बायका, मग ट्रंका आणि वळकट्या. पडावही वाळूला टेकत नसे. शेवटचे पाच-पन्नास हात गड्याच्या खांद्यावर बसून जायचे. मुंबईहून आलेल्या, बऱ्या घरच्या बाईने परक्या पुरुषाच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला यावे, याला त्या काळात कोणी नाक मुरडत नव्हते, ही एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. वाट निघायची असली की सोवळेओवळेही थोडे सरकून बसते. पुढचा प्रवास खाडीतून. दाभोळला उतरलेले वाशिष्ठीतून लाँचने गोवळकोटला जात आणि मग चिपळूण. बाणकोटला उतरलेले सावित्रीतून दासगावकडे. एवढे करून घरी पोचेपर्यंत निम्म्या मुलांना बोट लागलेली असे. आवळासुपारी आणि लिंबू ही या प्रवासाची खरी शिधासामग्री.

आता वेळापत्रकाकडे पाहू. शाळेची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, निकाल मेच्या आरंभी, शाळा पुन्हा उघडणार जूनच्या मध्याला. कागदावर सुट्टी सहा आठवड्यांची. पण पावसाळ्यात या किनाऱ्यावर आगबोट चालत नसे. मे संपत आला की समुद्र फिरतो, लाट उंचावते, पडाव बोटीला भिडू शकत नाही, आणि कंपनी त्या मोसमाची शेवटची फेरी जाहीर करी. म्हणजे शाळेला दोन आठवडे बाकी असले तरी मुलाबाळांचे बिऱ्हाड बोट बंद व्हायच्या आत मुंबईला पोचलेले बरे. जो चुकला त्याला घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे आणि तिथून पुण्यावरून आगगाडीने मुंबई. चार मुले, आंब्याच्या करंड्या आणि कडेवर तान्हे असताना हा वळसा कोणाला परवडणार? जूनचे पहिले दोन आठवडे मुंबईच्या चाळीतल्या खोलीत घामाघूम होऊन काढल्याचे त्या पिढीतले पुष्कळ लोक सांगतात आणि त्याचे कारण त्यांना आठवत नाही. कारण हे होते. सुट्टी शाळेने दिलेली असली तरी तिची शेवटची तारीख समुद्राची होती.

दुसरा प्रश्न मे महिन्याचा. उन्हाळ्यात ज्याला शक्य असेल त्याने डोंगरावर जावे, ही रीत आपल्याकडे साहेबाने घातली. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास वसले, माथेरान १८५० मध्ये ह्यू मॅलेटने शोधले असे म्हणतात (तिथले ठाकर आणि धनगर त्याआधी काय करीत होते, असे कोणी विचारत नाही). समुद्राकाठी हवापालटाला जाणे ही विलायतेतली चाल त्याने इथल्या मेमध्ये आणली नाही, आणि ते शहाणपणाचेच होते. वैशाखात कोकणातला किनारा म्हणजे चिकट उकाडा. अशा महिन्यात लाखो माणसे तिकडे का जात होती? विश्रांतीसाठी नक्कीच नाही.

१९११ ते १९३१ या काळातल्या शिरगणत्या पाहिल्या तर रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या मुंबईकरांची संख्या दर वेळी दोन लाखांच्या वर दिसते. त्यांत गिरणीतले होते, गोदीतले होते, पोलिसातले, घरगडी, कारकून आणि मास्तर होते. पुरुष जास्त, बायका फार कमी. खोलीत आठ-दहा पुरुष आणि गावात त्यांची बायकामुले, मनीऑर्डर आणि पत्र. या विभागणीचा माग अजून पुसलेला नाही: २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. शिमगा आणि गणपती हे या माणसांचे सण. मे महिना मात्र कामाचा होता. पाऊस यायच्या आत घर शाकारायचे, नळे परतायचे, कुड लिंपायचा, लाकूडफाटा पडवीत रचायचा, तरवे भाजलेल्या जमिनीची डागडुजी करायची. लग्नेही याच महिन्यात. पावसाळ्याच्या या तयारीला आमच्याकडे ‘आगोट’ म्हणतात. मिठापासून सुक्या बोंबलापर्यंत आणि तांदळापासून कोकमांपर्यंत चार महिन्यांचे सगळे आगोटीत भरायचे. मुंबईकर पुरुष रजा घेऊन आगोटीला येत, आणि शाळेत शिकणारी मुले झाली तशी ती त्यांच्याबरोबर येऊ लागली. ज्याला आपण सुट्टी म्हणतो ती मुळात आगोट होती. पोरे तिच्यात वानराच्या सेनेसारखी शिरली.

आणि त्यांनाही काम होते, हे आठवणींच्या लेखनातून गळते. रतांबे गोळा करून फोडणे, काजूच्या बिया वेचणे, साटांची राखण करणे, वाऱ्याने उडू नये म्हणून आंबापोळीच्या ताटांवर घातलेल्या फडक्याचे टोक धरून बसणे, फणसाच्या आठळ्या धुऊन मातीत घालणे. शेवटी मांडवाचे झाप उतरवायचे. हे सगळे खेळासारखे वाटे, कारण दहा जण मिळून करीत. एकट्या मुलाला तेच सांगितले असते तर तो रडला असता.

समुद्राचे काय? इथे मला आठवणकारांशी थोडे भांडायचे आहे. मुरुड, आंजर्ले, केळशी, गुहागर, दिवेआगर ही किनाऱ्याची जुनी गावे पाहा. मधून लांबच लांब पाखाडी किंवा रस्ता, दोन्ही अंगांना घरे, घरांची तोंडे रस्त्याकडे. समुद्राच्या बाजूच्या घरामागे विहीर, मग माडापोफळीची वाडी, वाडीच्या शेवटाला गडगा, केवडा, पुढे सुरूची झाडे आणि मग वाळू. म्हणजे घराने समुद्राकडे पाठ केलेली. वारा आणि खारे पाणी यांपासून बागायत वाचवायची तर दुसरा उपायही नव्हता. मागच्या बेड्यातून वाळूत जायचे ते प्रातर्विधीला, नाहीतर शेणगोठ्यासाठी वाहून आलेला पाला आणायला. स्मशानही पुष्कळ गावांत तिकडेच. समुद्रस्नान होते, पण ते पर्वणीचे. कुणकेश्वराला महाशिवरात्रीच्या यात्रेत देवस्वाऱ्यांबरोबर लोक समुद्रात उतरतात तसे. उगाच पाण्यात डुंबायला जाणे हे आजीच्या शब्दकोशात ‘मस्ती’ या सदरात मोडे.

ज्यांचा समुद्र होता ते गाबीत, कोळी, खारवी, दालदी, भंडारी. त्यांच्या मुलांना मे महिना सुट्टीचा नव्हता. शेवटच्या शेवटच्या मासळीचा, होड्या वर ओढण्याचा आणि जाळी आवरण्याचा होता. वाडीतल्या मुंबईकर मुलांना समुद्राचे जे थोडे ज्ञान झाले ते याच मुलांकडून किंवा माडावर चढायला येणाऱ्या गड्याकडून. भरती कधी, ओहोटीला पाणी कुठे ओढते, कोणत्या खडकामागे जायचे नाही. आज किनाऱ्यावर बुडालेल्या पर्यटकांच्या बातम्या वाचताना वाटते, हॉटेलात उतरलेल्या मुलाला हे सांगणारे कोणी उरलेले नाही. फलक असतो. फलक वाचायला मूल थांबत नाही, आणि त्याचा बापही.

आता घरात येऊ. तीस-पस्तीस माणसे महिनाभर जेवत होती, ती कशावर? ज्या घरांच्या आठवणी छापून आल्या त्यांतली बरीच खोतांची किंवा निदान कुळे असलेल्यांची. भात खंडाचा होता. कुळाने कसलेल्या जमिनीतला वाटा कणगीत येऊन पडे आणि मेमध्ये त्यातून परातीच्या पराती भात उकडला जाई. १९४८ चा मुंबई कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी हे बदलले. जमीन कसणाऱ्याची झाली, जी व्हायलाच हवी होती. पण खोताच्या घरात त्यानंतरच्या मे महिन्यात तांदूळ विकत आणावा लागला, आणि पाहुण्यांनी किती दिवस राहावे याचा हिशेब प्रथमच मनातल्या मनात होऊ लागला. कुळाच्या घरीही मुंबईहून मुले येत होती. ती पेजेवर आणि फणसावर सुट्टी काढत. त्यांच्या आठवणी मराठीत फार उशिरा आल्या आणि त्यांचा सूर वेगळा आहे.

दुसरी अडचण पाण्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात वैशाखात विहिरी तळ गाठतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणजे ज्या महिन्यात घरात सर्वांत जास्त माणसे, त्याच महिन्यात विहिरीत सर्वांत कमी पाणी. पहाटे उठून झऱ्याला लागलेली विहीर खरवडून घागरी भरणे, तीस जणांची आंघोळ, धुणी, उष्टी-खरकटी, वाडीचे शिंपणे. रहाट ओढायला बैल असला तर बरे, नाहीतर पायरहाट. हे काम कोणाचे होते, हे सांगायला नको. घरात राहणाऱ्या सुना, आणि ब्राह्मणी घरांत एखादी लाल आलवणातली आत्या. ही आत्या पुष्कळ आठवणींत प्रेमळ किंवा खाष्ट म्हणून येते. ती वीस पोरांना सांभाळते, त्यांना रामरक्षा पाठ करायला लावते, त्यांच्या खरजेला करंजेल लावते. तिच्या नावावर त्या घरातले एक कौलही नसे, हे मात्र लिहिलेले फारसे सापडत नाही.

यावरून हक्कसोडपत्रांवर येतो. माझ्या मते या विषयाची खरी गाठ तिथे आहे.

मुलांचा मे महिना म्हणजे आईचे माहेरपण. लग्न झालेल्या बाईला वर्षातून एकदा, कोणालाही कारण न सांगता, मुले घेऊन महिनाभर बापाच्या घरी राहता येई ते याच दिवसांत. शाळांच्या सुट्टीने माहेरपणाला एक अधिकृत तारीख दिली, हा शिक्षणाचा एक दुर्लक्षित फायदा आहे. त्या घरात तिची भावजय असे. एकीचे माहेर ते दुसरीचे सासर. माहेरवाशीण उशिरा उठली तरी चाले. तिच्या पोरांचे दूध तापवायला भावजय पहाटे उठलेली असे. भावजयीने आपल्या माहेरी कधी जायचे? वैशाखाच्या आधी आठ दिवस, किंवा नणंदा गेल्यावर, बोट चालू असली तर.

वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंद व्हायची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तोवर लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने आणले. २००५ मध्ये केंद्राने तेच देशभर केले, लग्नाची अट न ठेवता, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याने मुलीच्या हक्कात फरक पडत नाही. कायदा असा पायरी पायरीने पुढे सरकत असताना गावात दुसरी एक रीत रुळली होती. बहिणींना बोलावून घ्यायचे आणि हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या. सगळ्या जणी एकत्र, मुलाबाळांसह गावात कधी असतात? मे महिन्यात. तालुक्याच्या निबंधकाच्या कचेरीत मेमध्ये नटूनथटून आलेल्या, हातात आंब्याची पिशवी असलेल्या बहिणी मी स्वतः बाकावर बसलेल्या पाहिल्या आहेत. त्या कागदात एक शब्द ठरलेला असतो: विनामोबदला.

तो शब्द खरा नाही. मोबदला होता. सही केली की माहेरचे दार उघडे राही, मुलांना आजोळ राही, निघताना ओटी भरली जाई आणि एक पेटी आंबे, पायलीभर तांदूळ, कोकमांची बरणी सोबत येई. न करणाऱ्या बहिणीची मुले पुढच्या मेमध्ये मुंबईतच राहात. कोणी बोलून दाखवीत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते. सत्तरी-ऐंशीच्या बायकांना याविषयी विचारले तर बहुतेक जणी भावाचीच बाजू घेतात. भाऊ घर राखत होता, वहिनी आमचे करत होती, मग जमिनीत वाटा कसा मागायचा? त्यांच्या दृष्टीने हा व्यवहार बेहिशेबी नव्हता, आणि मला त्यांना भोळ्या म्हणवत नाही. दहा गुंठे वाडीच्या एक-चतुर्थांशापेक्षा वीस वर्षांचे वीस महिने त्यांना मोलाचे वाटले. फक्त ते वीस महिने कुठल्या कागदावर नव्हते. भाऊ गेला, पुतण्याने घर विकले किंवा भाड्याने दिले, की उरलेली बाकी वसूल करायची सोय नव्हती.

आणि घरे भाड्याने जाऊ लागली. एसटी १९४८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगाव पोचली. खाड्यांवर पूल झाले, ऐंशीच्या दशकाअखेरपर्यंत प्रवासी बोट संपत आली, आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. त्याच्या आदल्या वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता. जो समुद्र रस्ता होता तो मुक्कामाचे ठिकाण झाला. वाडीच्या मागचा, कोणालाही नको असलेला वाळूकडचा तुकडा सर्वांत महाग झाला. घरांची पाठ ती तोंडे झाली: नवी खोली बांधायची ती मागे, समुद्राकडे तोंड करून, वातानुकूलित. त्या खोल्यांत उतरणाऱ्यांपैकी काही जण त्याच पंचक्रोशीतल्या घरांचे नातू-पणतू असतात. मुलांना समुद्र दाखवायला दोन रात्री येतात, मोदक आणि सोलकढीसाठी आधी फोन करून ठेवतात. घरगुती निवासाचा धंदा करणारी बाई पुष्कळदा तीच, जिने सून म्हणून वीस पोरांचे दूध पहाटे तापवले होते. आता त्याचे पैसे मिळतात. यात हळहळण्यासारखे काय आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

बाकीच्या घरांचे म्हणाल तर सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी ठाणे-डोंबिवलीची, काही परदेशातली. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणून विकली जात नाहीत, आणि दुरुस्तीला सगळ्यांचे पैसे लागतात म्हणून दुरुस्त होत नाहीत. एवढ्यात एक उपाय सर्वत्र दिसतो. मंगलोरी कौले दरवर्षी पावसाआधी उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावावी लागत. त्यासाठी माणसे लागत आणि माणसांसाठी चूल. आता कौलांच्या वर लोखंडी सांगाडा घालून निळा किंवा लाल पत्रा चढवतात. पंधरा वर्षे बघायला नको. ज्या घरांवर तो चढला आहे त्यांतल्या काहींचे कुलूप मे महिन्यात निघत नाही. ते गणपतीत निघते, पाच दिवसांसाठी.